गयाबाईंचं ओलं गोणपाट

पहिल्याच दिवशी गयाबाईंनी आमच्या घरामागची बाग पाहिली आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, ह्ये उगावलंय का तुमी पेरलंय?"

मी हसलो, पण खरं उत्तर 'पेरलंय' असंच होतं. राहुरीचं कृषी विद्यापीठ सायकलच्या अंतरावर, तरी मी बागकाम शिकलो मोबाईलवर. काटेधोत्रा, म्हणजे ते पिवळ्या फुलांचं काटेरी तण, पार वाळेपर्यंत थांबलो, मग कापून खताच्या खड्ड्यात टाकला आणि तेच खत मोठ्या हौसेने सगळ्या वाफ्यांना घातलं. पायवाटेवर सराटा पसरला होताच.

"बोंडं पिकल्यावर कापलं म्हंजी बी झाडून घेतलं की," गयाबाई म्हणाल्या. "फुलायच्या आत मुळासकट काढायचं. फूल बघत बसायला ती काय शेवंती हाय?"

त्यांना बोलावलं होतं ते आईसाठी. आई रोज सकाळी अनवाणी जाऊन देवाची फुलं तोडायची. मधुमेहाने तिचे तळपाय बधिर झालेले. एकदा सराट्याचा काटा घुसला, तिला चार दिवस पत्ताच नाही. जखम भरायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, चप्पल घाला. आई म्हणाली, "चपला घालून देवाच्या फुलांना हात लावायचा नाही." दुसऱ्या कुणी तोडलेली फुलंही तिला चालेनात. बागेत जाणंच तिने सोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जास्वंदीकडे बघत बसायची. मी तिच्याशी वर्षभर वाद घातला. आमच्या घरात वाद सुरू मी करतो, संपवतं दुसरंच कुणीतरी.

गयाबाई मूळच्या पारनेरकडच्या, जन्म खुरपणीत गेलेला. "माईंना अनवानी चालवून दावते," असं म्हणून त्यांनी काम अंगावर घेतलं. आदल्या दिवशी पाणी द्यायला लावायच्या आणि माती मऊ झाली की धोत्रा बुडाशी धरून ओढायच्या. मी पानाला धरलं की म्हणायच्या, "गोंजारू नका त्याला."

सराट्याची त्यांची रीत निराळी होती. वेल उपटून झाले की वाटेवर ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर चपला घालून सावकाश चालायचं आणि ते उचलून उलटं करायचं. मातीत पडलेले काटे गोणपाटाला चिकटून यायचे. ते एकेक वेचून त्या चुलीत टाकायच्या. "मी खुरपलेल्या रानात पोर रांगाया पायजे," एवढी एकच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी गोणपाट तीनदा कोरं निघालं. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. गयाबाई म्हणाल्या, "जरा थांबा, माई." चौथ्यांदा गोणपाट अंथरलं, उचललं. एक काटा.

तो त्यांना मुठीत लपवता आला असता. त्यांनी तो आईसमोर धरला.

"माई, माझ्यानं न्हाई झालं. बी मातीत वरसानुवरसं निजून ऱ्हातं. काटा न्हाई, असं मला सांगता येनार न्हाई."

"एकच तर आहे गं."

"तुमच्या पायाला तेवढा बास हाय."

मग त्या घरात गेल्या, मी आणलेल्या आणि आईने खोक्याबाहेर न काढलेल्या चपला घेऊन आल्या, नळाखाली स्वच्छ धुतल्या आणि आईच्या पायाशी ठेवल्या. "धुतल्यात. घाला. देवाला काय सांगायचं ते माझ्या नावावर सांगा."

आईने चपला घातल्या. जास्वंदीपर्यंत गेली. मी मागून परडी घेऊन.

तेव्हापासून फुलं वाहताना ती रोज पुटपुटते, "गयाने सांगितलं म्हणून हं." गेल्या महिन्यात गयाबाई गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला, मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम देवघराच्या दाराशी थांबलो. आई देवाला म्हणत होती, "चपला गयानेच घालायला सांगितल्यात. आता ती तिकडेच आलीय. विचारून घ्या."