बॉयलरच्या तोंडाएवढे अंग

गुणवंत साळुंकेचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गिरणीचा भोंगा व्हायला तेव्हा बराच अवकाश असे. तो उठून आधी रात्री भिजत घातलेले बदाम सोली, पाट्यावर वाटी, म्हशीच्या दुधात कालवी, वर तुपाची धार सोडी आणि उभ्यानेच लोटा रिकामा करी. तालमीत असल्यापासूनचा हा नेम. तालीम सुटली, पण नेम सुटला नाही. वस्ताद विश्वासरावांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, खुराक चुकवायचा नाही. वस्तादांचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यात कापडाच्या गिरण्या निघाल्या, त्यांतल्या एका गिरणीच्या बॉयलरखान्यात तो कामाला होता. लागला तेव्हा कोळसा टाकणारा म्हणून लागला. दिवसभर फावडे, समोर भट्टी. अंगावर कपडा कोरडा म्हणून राहत नसे. शिवाय त्याच्याकडे आणखी एक काम होते, आणि जादा पगार होता तो त्या कामाचा. पाण्यातला चुना बॉयलरच्या आत बसून दगडासारखा घट्ट होतो. तो वेळच्या वेळी फोडून काढला नाही तर कोळसा जास्त जळतो आणि पत्रा तापून फाटायची भीती. म्हणून चार-सहा महिन्यांनी बॉयलर थंड करायचा, पाणी सोडून द्यायचे आणि एका माणसाने वरच्या तोंडातून आत उतरून छिन्नी-हातोडीने तो थर फोडायचा. तोंड लांबट गोल, परातीपेक्षा लहान. गुणवंत पैलवान असला तरी हलक्या अंगाचा, चपळ. एक हात वर घेऊन, खांदा तिरका करून तो पाण्यात सूर मारावा तसा आत जाई.

पुढे डाह्याभाई मिस्त्रीने त्याला बढती दिली. कोळसा दुसऱ्यांनी टाकायचा, गुणवंतने स्टुलावर बसून बॉयलरातले पाणी दाखवणाऱ्या काचेवर आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. भरवशाच्या माणसाचे काम. सफाई मात्र त्याच्याकडेच राहिली. स्टूल मिळाले, मान मिळाला. बदाम, दूध, तूप होते तेवढेच राहिले. पोट कधी सुटले ते त्याला कळले नाही. मथुराबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, कळले होते. सदऱ्याच्या बाजू तीच उसवून सैल करून देत होती.

दिवाळीच्या सफाईला तो अडकला. खांदे गेले, छाती गेली, पोट राहिले. खाली जाईना, वर येईना. दोघांनी बगलेत हात घालून उपसून काढला तेव्हा कमरेची कातडी सोलवटली होती. वरचे लोक हसले. त्या वेळी दुसऱ्या खात्यातला एक सडपातळ माणूस आणून काम भागवले. संध्याकाळी डाह्याभाईने त्याला बाजूला घेतले.

"जो, बघ पैलवान, बॉयलर काय तुझ्यासाठी मोठा नाय होणार. होळीला दुसरा बॉयलर उघडायचा आहे. तेव्हा आत गेलास तर जागा तुझी. नाय तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसरा माणूस म्हणजे काय, ते गुणवंतला समजावून सांगायला नको होते. स्टूलही जाणार, जादा पगारही जाणार. मग बडोद्यातली खोली परवडायची नाही. मथुराबाईचा भाऊ रमाकांत करजणला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात होता. तो कधीपासून म्हणत होता, इकडे या. पण जिन चालायचे कापसाच्या हंगामात. उरलेले महिने बसून काढायचे. मथुराबाईने करजणचे नाव ऐकले आणि त्या रात्रीच्या भाकऱ्या तिने जरा जोरातच थापल्या.

गुणवंतने बॉयलरच्या तोंडाच्या मापाचे एक लोखंडी कडे लोहाराकडून वाकवून आणले, ते रोज डोक्यावरून अंगात उतरवून बघायचे ठरवले आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण बंद केले. सकाळची भाकरी नाही, रात्रीचा भात नाही. दुपारी थोडे ताक. पहाटेचा लोटा मात्र चालूच. मथुराबाई म्हणाली, हे कसले उपास, सकाळी म्हशीचे दूध नि तूप पोटात जातेच आहे. त्यावर तो चिडला. खुराक म्हणजे काही खाणे नव्हे. खाणे भुकेसाठी असते, खुराक तालमीचा असतो. तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

पहिले काही दिवस कडे थोडे खाली सरकले. मग थांबले ते थांबलेच. उलट त्याचेच काहीतरी बिनसले. हातपाय गार पडू लागले. गिरणीतून घरी आला की भिंतीला टेकून बसे, पाणी आणायलाही उठवत नसे. आणि एका दुपारी, स्टुलावर, पाण्याच्या काचेसमोर त्याचा डोळा लागला. कोळसेवाल्याने ओरडून उठवले तेव्हा काचेतले पाणी तळाला गेले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर बॉयलर फुटून बॉयलरखान्याचे छप्पर राहिले नसते. त्याने धावत जाऊन पंप चालू केला. डाह्याभाई आला, काचेकडे बघितले, त्याच्याकडे बघितले. शिव्या दिल्या नाहीत. ते जास्त लागले.

घरी आल्यावर मथुराबाईने सगळे ऐकून घेतले.

"वस्तादांकडे जा," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ? खुराक सोडू का, असं विचारू?"

"हो. तसंच विचारा. ते सोडू नको म्हणाले तर आपण करजणला जाऊ. मग मी काही बोलणार नाही."

वस्ताद विश्वासराव आता थकले होते. तालमीच्या ओट्यावर बसून ते आखाड्यातल्यांचे डाव बघत. त्यांच्याकडे बघून गुणवंतला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. म्हाताऱ्याच्या अंगावर चरबी म्हणून नव्हती. त्याने पायावर डोके ठेवले आणि सगळे सांगितले. बॉयलर, उपास, डोळा लागला ते. शेवटी खुराकाचेही विचारले, मान खाली घालूनच.

विश्वासरावांनी त्याच्या पोटाकडे बघितले.

"बैठका किती काढतोस?"

"आता नाही काढत वस्ताद. तालीम सुटल्यापासून."

"जोर?"

गुणवंतने नकारार्थी मान हलवली.

"अरे गाढवा, मी खुराक चुकवू नको म्हटलं ते हजार बैठका काढणाऱ्या पोराला. स्टुलावर बसणाऱ्याला म्हटलं नव्हतं. मी स्वतः सोडून किती वर्षं झाली. मेहनत उतरली की खुराक उतरवायचा, हे काय वेगळं सांगायचं?"

"तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"तू विचारलं नव्हतंस," वस्ताद म्हणाले आणि हसले.

गुणवंतच्या छातीवरचा धोंडा तिथेच उतरला. इतकी वर्षे जे इमान म्हणून तो पीत होता, ते मागणारेच कोणी नव्हते.

मग वस्तादांनी नीट सांगितले. बदाम, दूध, तूप बंद. जेवण मात्र सुरू. उपाशी अंग हट्टी होते, असलेले सोडत नाही आणि माणसाला झोपवून ठेवते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. रोज पोटभर, पण दोन घास कमी. बैठका थोड्यापासून धरायच्या, अंग मानेल तशा वाढवायच्या. चालायचे. घाई करायची नाही, आठवड्यात दिसले नाही तर महिन्यात दिसेल.

परत येताना गुणवंतला आपली भट्टी आठवली. कोळसा एकदम तोडला तर कोळसेवाला निखारे राखेखाली दाबून ठेवतो. भट्टी विझत नाही, पण वाफही धरत नाही. आपण अंगाचे तेच केले होते. भट्टी पेटती ठेवायची आणि कोळसा कामाच्या मापाने टाकायचा, हे काम त्याला येत होते. फक्त स्वतःवर कधी केले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने डाह्याभाईला विचारून रोज काही वेळ फावडे हातात घेतले. तेवढा वेळ कोळसेवाला स्टुलावर बसे आणि म्हणे, आज साळुंकेशेठ कोळसा टाकतायत, बघून घ्या. दोघांचेही बरे चालले होते. पहाटे चारला तो अजूनही उठे, पण आता बैठका काढायला. पहिल्या दिवशी तिसाव्यालाच मांड्या पेटल्या. एके काळी जो बैठका काढताना तासभर थांबत नसे, त्याला हे सहन करणे जड गेले. पण अर्धवट बैठक त्याने एकही मोजली नाही. ढुंगण टाचेला टेकले तरच बैठक.

झोप सुधारली. हातपाय गरम झाले. कडे मात्र महिनाभर हलायला तयार नव्हते. संक्रांतीला शेजारच्या गुजराती बाईने उंधियू आणि जलेबी पाठवली. त्याने दोन्ही खाल्ले, चवीने खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या समा गावापर्यंत चालत जाऊन आला. मथुराबाईने उपासाचे नाव काढू दिले नाही. त्या आठवड्यात कडे पोटाच्या वळीवरून खाली घसरले आणि कमरेच्या हाडावर अडले. मथुराबाईने हात लावून खात्री केली.

"आता हे हाड आहे," ती म्हणाली. "ते काही कमी होणार नाही. कंबर वळवून आत जा."

होळीच्या आधी दुसरा बॉयलर थंड केला. माणसे जमली होती. दिवाळीला हसलेलेही होते. गुणवंतने सदरा काढला, अंगाला तेल लावले, एक हात वर घेतला. खांदा तिरका करून गेला. छाती गेली. पोटाशी आल्यावर त्याने सगळा श्वास सोडला आणि कंबर वळवली. लोखंड दोन्ही बाजूंनी लागले, थंड. मग लागायचे थांबले आणि त्याचे पाय आतल्या नळावर टेकले.

आत अंधार, गंजाचा आणि ओल्या चुन्याचा वास. तो तिथेच बसला. मग डाह्याभाईचा आवाज घुमत आला, पोचला के, पैलवान? गुणवंतला उत्तर देता येईना, इतके हसू येत होते. त्याने छिन्नी लावली आणि हातोडी घातली. थराचा पहिला मोठा तुकडा खाली पडला त्याचा आवाज बाहेरच्यांनी ऐकला.

तालमीतल्या दिवसांचे अंग त्याला परत आले नाही. ते त्याने मागितलेही नाही. बॉयलरात जाण्याएवढे अंग त्याने पुढची कित्येक वर्षे राखले, भाकरी खाऊन, बैठका काढून. करजणला तो फक्त रमाकांतच्या मुलांच्या लग्नाला गेला. आणि त्या सफाईच्या पगारातून साठवत साठवत, केस पिकल्यावर, त्याने बडोद्यातल्याच वाडी भागात दोन खोल्यांचे घर घेतले. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौले. खरेदी झाली त्या दिवशी मथुराबाईने रिकाम्या खोलीत चूल मांडली आणि पहिली भाकरी त्याला वाढली. तो दोन घास कमीच जेवला.