गुहेतली पिंड

मुलगी वेस्ट इंडिजमधल्या एका बेटावर चुनखडीच्या गुहा दाखवते, हे चिखलीत कुणाला सांगायची सोय नाही. लोक लगेच विचारतात, "कंपनी कुठली?" शिकूनसवरून तिनं एवढ्या लांब अंधारात शिरावं, हे आम्हा दोघांनाही पटत नव्हतं. चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन निघालो, ते लेकीला समजावून घरी आणायलाच. बोलायचं काम बायकोकडं होतं. लेकीपुढं माझं काही चालत नाही.

लेकीनं आम्हाला इतर पाहुण्यांबरोबर गुहेत नेलं. आमच्याकडचा काळा दगड पाण्याला दाद देत नाही. इथं दगडच पाण्यानं घडवलेला. छतातून पांढरे ओले सुळके लोंबत होते, खालून तसेच वर येत होते. एका वळणावर छताचं पाणी थेंब थेंब एका गोल, गुळगुळीत दगडावर पडत होतं. पिंडीवर अभिषेकपात्र टांगावं, अगदी तसं. बायकोनं पायातले बूट काढले, पर्समधली कुंकवाची डबी उघडली आणि बोट बुडवून पुढं झाली. मीही हात जोडले.

"आई, हात लावू नकोस!" लेकीनं तिचं मनगट धरलं. सगळे बघायला लागले.

बायकोचा चेहरा पडला. "देवापुढं हात धरतीस व्हय गं माझा?"

लेक हळू आवाजात म्हणाली, "आई, थेंबातला चुना साठून हा अजून वाढतोय. हाताचं तेल लागलं की वाढ थांबते. बोटभर व्हायला पिढ्या जातात गं. मी कुणालाच हात लावू देत नाही, मग तुला कशी देऊ?"

बायकोनं बोट पदराला पुसलं आणि लांबूनच नमस्कार केला. तेवढ्यात एका गोऱ्या बाईनं हात पुढं केला, तर हीच डोळे वटारून म्हणाली, "अंहं!" लेक खळखळून हसली. किती दिवसांनी तिचं ते हसणं ऐकलं.

बाहेर आल्यावर लेक हेल्मेटं ठेवायला गेली. मी म्हणालो, "आता बोल तिच्याशी."

"न्हाई बोलायची."

"अगं, मग एवढ्या लांब आलो कशाला?"

"बघितलं न्हाई का, कशी जपती ती? राहू द्या तिला हितंच." एवढं बोलून ती रडायला लागली.

मला लेकीचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त त्या दगडांचा राग आला. त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या होत्या. आम्हाला लेक आत्ता हवी होती.