चिंचणीच्या गच्चीवरचा काळा डबा

नाशिकहून चिंचणीला लोक समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो ते एका शाळेच्या गच्चीवरचा काळा डबा गप्प का झाला, ते बघायला. अवकाशातून येणारे सूक्ष्म कण टिपणारं हे यंत्र. कितीतरी देशांतल्या विद्यापीठांनी मिळून अशी यंत्रं जगभर बसवली आहेत. आमच्या कॉलेजच्या वाट्याला उमरोळी आणि चिंचणी आली. दोन्ही चालू असतील तरच आमच्या नोंदी ग्राह्य धरतात. दिवाळीच्या तोंडावर महिन्याच्या नोंदी उघडल्या तर चिंचणीचा आलेख सपाट झालेला, सुट्टीत शाळेत फोन उचलायला कुणी नाही, आणि प्रकल्पाच्या सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बंद केंद्रं वगळणार होते. माझ्या विद्यार्थिनीची, स्नेहलची, पीएचडी याच नोंदींवर उभी होती. "वायर सुटली असेल, मॅडम," हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

जाणाऱ्यांसाठी: पालघरपर्यंत एसटी आहे. जव्हारच्या बाजूचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण खिडकीची जागा मिळाली तर तक्रार नाही. पालघरला पोटभर खाऊन घ्या. तिथून लोकलने आम्ही आधी उमरोळीला उतरलो. तिथलं यंत्र ठणठणीत होतं. स्नेहलने त्या आनंदात दोनदा चहा पाजला.

बोईसरला कारखान्यांची शिफ्ट सुटलेली. "चिंचनी? बैठो मैडम, दो सवारी और आने दो," रिक्षावाला म्हणाला. दोन आले, मग आणखी तीन. अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन स्नेहल अर्ध्या बुडावर बसली होती आणि चक्क हसत होती.

शाळेशेजारीच राहणाऱ्या शिपाई कमळमावशी आम्हाला गच्चीवर घेऊन गेल्या. डब्यावर हळदीकुंकवाचे डाग, कोपऱ्याला झेंडूची सुकलेली माळ.

"दसऱ्याला आमी शाळेतलं सगलं पुजतो, बाई. पंप पुजला, कॉम्पुटर पुजला. ह्यालाच का नाय? झाकल्यावर कुंकू लावायचं कुठं, म्हणून कापड काडलं, आतलं झाकणबी काडलं. परत नीट चिकटवलं हाय."

"यंत्र बंद केलं होतं ना आधी?" स्नेहलचा आवाज बारीक झाला.

"नाय हो! कदी बंद करू नका, तुमीच सांगितलेलं."

सांगितलं होतंच. उघडू नका, हेही सांगितलं होतं, आधीच्या मुख्याध्यापकांना. ते बदलून गेले. यंत्रातली, कणांची पुसट चमक टिपणारी नळी अंधारासाठी बनवलेली असते. चालू असताना दिवसाचा उजेड आत शिरला की ती कायमची आंधळी होते. स्नेहलने सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, मग खालीच बसली.

"मावशी, माझं सगळं गेलं हो."

"आमी तर चांगलंच केलं," मावशी पुटपुटल्या आणि डब्यावरची सुकलेली फुलं काढायला लागल्या. मला दोघींकडेही बघवेना.

परदेशातल्या समन्वयक बाईंना मी गच्चीवरूनच फोन लावला. नळ्या शिल्लक नाहीत, नव्या बनत नाहीत, निधी संपत आलाय, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पूजेचा फोटो आहे का? किती सुंदर प्रथा!" फोटो शाळेच्या ग्रुपवर होता. मागितला म्हणून पाठवला.

समुद्र दहा मिनिटांवर आहे, रेती काळसर, गर्दी कमी. लोक म्हणतात संध्याकाळ छान असते. आम्ही गेलो नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये आमचं केंद्र वगळायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आधी पडद्यावर तो फोटो आला: डबा, झेंडू, हात जोडलेल्या कमळमावशी. सगळ्या देशांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रकल्पाच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर आता तोच फोटो आहे. मग एकेक जण निरोप घेऊन गेला आणि पडद्यावर मी आणि स्नेहल उरलो. तिचा कॅमेरा बंद होता.

"मॅडम, आता मी काय करू?"

इतकी वर्षं शिकवते आहे. म्हटलं, "जेवलीस का?"