वाईसोमोपुढचं शून्य

पंचावन्न पूर्ण झाली म्हणून फिजी सरकारने सिस्टर वासेमाथाला हार घालून घरी पाठवलं, आणि साथ आली तशी अकराव्या दिवशी परत बोलावलं. हार धड वाळलाही नव्हता. मग दोन वर्षं लशीची पेटी मांडीवर घेऊन तिने होडीतून वाईसोमो बेटाची सगळी गावं पालथी घातली. लस चुकवायला नारळावर चढून बसलेल्या एका पुढाऱ्याला ती खालून म्हणाली होती, "बस निवांत. भूक तुलाच लागणारे."

साथ ओसरली आणि राजधानी सुवाहून आरोग्य खात्याचे सामिसोनी साहेब नर्सांचा देशव्यापी आराखडा घेऊन आले. कितीतरी नर्स ऑस्ट्रेलियाला गेलेल्या. उरलेल्या पुरवायच्या, तर छोटी केंद्रं बंद करायची. वाईसोमोपुढे शून्य होतं. गावाच्या सभेत वासेमाथाने तो कागद पुढे ओढून वाचला. सभेतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

"तुम्ही आता आराम करा, सिस्टर. पेशंट होडीने मोठ्या बेटावर येतील."

"बाळंतपण तुझ्या होडीची वेळ बघून येतं होय रे?"

चटईवरची सभा खदखदली. साहेबही हसले; हसावंच लागतं. त्यांचं गाव आणि हे बेट एकाच पूर्वजाची लेकरं. फिजीत रीतच आहे, अशांनी एकमेकांची हवी तेवढी टर उडवायची, आवडेल ते उचलायचं, आणि ज्याचं गेलं त्याने ब्र काढायचा नाही.

साहेबांबरोबर आकिसी होती. त्यांच्याच गावची नवी नर्स, मोठ्या बेटावर रुजू व्हायला निघालेली. वासेमाथा उठली, आकिसीची बॅग उचलून केंद्रात ठेवून आली.

"ही मी घेतली."

"अहो, माणूस आहे ती! कोंबडी नव्हे!"

"म्हणून तर विचारते. आकिसी, राहशील? दोन खोल्या, एक फ्रीज. शेजारी मी. घोरते, आधीच सांगते."

आकिसी साहेबांकडे वळली. "तिथे पाच जणी आहेत, सर. इथे शून्य. तुम्हीच मोजलंत."

"अगं, आराखडा मंजूर झालाय!"

"माझी निवृत्तीही मंजूर झाली होती," वासेमाथा म्हणाली. "फिरवलीत ना? हेही फिरव. वर कुणी विचारलं तर सांग, वाईसोमोने नेली."

साहेबांनी पेन्सिल काढली.

"पेन."

पेन निघालं. शून्य खोडून त्यांनी एक लिहिला. वासेमाथा कागदावर वाकलेलीच.

"ही रजेवर गेली की पुन्हा शून्यच ना? दोन लिही."

"सिस्टर, आता मात्र..."

"लिही रे. दुसरी मिळेपर्यंत मी आहे."

साहेबांनी एकाचे दोन केले.