तरंगती सुट्टी

आमची कंपनी विकली गेली हे आम्हाला सगळ्यात आधी कॅन्टीनमध्ये कळलं. पोह्यांच्या ताटलीची बशी झाली. मग नोटीस बोर्डावर 'पुनर्रचना' असा शब्द लागला. साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे रबरी भाग बनवणारा आमचा कारखाना आणि मी तपासणी विभागात. चांगल्यातून खराब वेगळं काढणं हेच माझं काम, त्यामुळे तो शब्द वाचताक्षणीच मला त्यात खोट दिसली. पुढच्या महिन्यात कंपनीची रहिमतपूरची बस बंद झाली. बसचा भत्ता पगारातच सामावून घेतलाय, असं सांगण्यात आलं. चहातल्या साखरेसारखा विरघळला असेल म्हणावं, तर चहाही गोड लागेना.

हेही आम्ही सोसलं. नव्या मालकाला चार शिव्या घातल्या आणि कामाला लागलो. पण मग त्यांनी जत्रेच्या सुट्टीला हात घातला.

जुन्या कारभारात ज्याच्या त्याच्या गावच्या जत्रेला एक भरपगारी सुट्टी असायची. बायकांना मात्र दोन. जुने मॅनेजर सांगलीकडचे जैन. ते म्हणायचे, बाईला सासर-माहेर अशी दोन गावं, मग जत्रा एक कशी? त्यांना मटण चालायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर पुरणपोळीचा डबा जायचा. एवढाच काय तो त्या सुट्टीचा कायदा.

नवे साहेब लांबच्या शहरातले, वयानं तरुण आणि बोलायला गोड. त्यांनी आम्हाला एकत्र बसवून समजावलं, की चैत्रात रोज कुणी ना कुणी जत्रेला जातं आणि अर्धी लाईन रिकामी पडते. तेव्हा सगळ्या गावांनी मिळून एक दिवस ठरवावा, शक्यतो रविवार, आणि त्या दिवशी सगळ्या जत्रा उरकून घ्याव्यात. त्यावर प्रेस मशीनवरचे म्हसवडचे एक काका अदबीनं उभे राहिले.

"सायेब, माजी कायबी हरकत न्हाई," ते म्हणाले. "पर देवाला तुमीच इचारा."

साहेबांनी तेही वहीत टिपून घेतलं.

आठवड्याभरात तोडगा निघाला. जत्रेची सुट्टी रद्द आणि त्याजागी प्रत्येकाला वर्षातून एक 'तरंगती सुट्टी'. मोबाईलवरच्या ॲपमध्ये आपल्या गावाचं नाव आणि जत्रेची तारीख भरायची, की साहेब मंजुरी देणार. सुट्टी तरंगती म्हणजे बुडालो आपणच, असं काका म्हणत सुटले. मला हसू आलं खरं, पण ॲप उघडलं तेव्हा ते गेलं. गावाच्या नावाला चौकट एकच होती.

मी तडक साहेबांकडे गेले. तुमचं गाव कुठलं, त्यांनी विचारलं. दोन आहेत, मी सांगितलं. ते हसून म्हणाले, खरं गाव कुठलं तरी एकच असेल ना? लग्न झालेल्या बाईला हे विचारायला छाती लागते, आणि या माणसानं ते चहा पिता पिता विचारलं. मला असा संताप आला की मी तशीच उठून बाहेर आले.

सासर रहिमतपूरजवळ, माहेर आटपाडीकडचं. दोन्हीकडच्या जत्रा चैत्रात, आठ दिवसांच्या अंतरानं, आणि चैत्रात माल पाठवायची घाई म्हणून बाकीच्या रजा बंद. सासरच्या जत्रेला घरात पंगतीवर पंगती उठतात. अशा वेळी सून कामावर गेली तर भाकऱ्या कुणी थापायच्या, आणि भावकीचं बोलणं कुणी ऐकायचं? तिकडे माझा भाऊ फौजेत. तो सुट्टी जत्रेच्या बेतानंच काढतो. आम्ही बहीणभाऊ वर्षातून एकत्र जेवतो तो तेवढाच दिवस. त्याला सीमेवरून सुट्टी मिळत होती, मला साताऱ्यातून मिळेना.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. "तुझं तू बघ," तो म्हणाला. नवरे असं म्हणतात तेव्हा काय बघायचं ते ठरलेलं असतं. राहिल्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. भांडायच्या तयारीनंच मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं.

"भाऊ येनार हाय का तुजा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग तिकडचं लिव. हितल्या भाकरी म्या थापीन."

एवढ्या सहज मिळालेल्या होकाराचं काय करावं मला कळेना. लोक काय म्हणतील, असं मीच उलट त्यांना विचारलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"नवी नवरी हुते तवा मीबी जायची गं म्हायेरच्या जत्रंला. मग दरसाल कायतरी निघायचं. म्हस व्यालेली, न्हाईतर पावणं. म्हनायची, म्होरल्या साली जाऊ. आता आमच्या गावची जत्रा कवा असती, त्ये मलाबी सांगता यायचं न्हाई."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी मोबाईल काढून चौकटीत माहेरचं नाव लिहिलं. त्या वाकून बघत होत्या. वाचता येत नसलं तरी कुठलं गाव लिहिलंय ते त्यांना समजलं असावं.

"आनि मलाबी ने संगं," त्या म्हणाल्या. "जत्रा कुनाच्या का म्हायेरची असंना."