रामटेके काकांचे टायर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच, आणि जिला मी सगळं सांगते असं वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. एवढंच कारण आहे. यात धैर्य वगैरे शोधू नका.

आणि मी रडणार नाही. मला राग आलेला आहे — गेली कित्येक वर्षं आलेलाच आहे. लोक मला ‘शांत पोरगी’ म्हणतात तेव्हा तर डोकं फिरतं. शांत म्हणजे काय? लहानपणापासून मी कमी बोलते, म्हणून सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की ही खरं बोलते. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, हे कुणी सांगितलं यांना? उलट कमी बोलणाऱ्याचं खोटं पकडलं जात नाही. त्यात मी इंग्रजी शाळेतली. म्हणजे शहाणी पण झाले.

हे मी इंग्रजीत लिहू शकले असते. पण इंग्रजीत मी फार चांगली दिसते.

तर रामटेके काका. ते माझ्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर होते, दहा वर्षं. मागच्या सीटवर पोरं धिंगाणा घालायची, माझी वेणी ओढायची, मुकी म्हणायची. काकांनी एक दिवस मला पुढं आपल्या शेजारी बसवलं आणि मागं वळून म्हणाले, “इले कोणी सतावलं त पायी नेईन शाळेत.” त्यांनी मला कधी ‘बोल ना बेटा’ म्हणून छळलं नाही. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि रस्त्यावर रोज नव्या पाट्या लागायला लागल्या — मोठमोठ्या, इंग्रजीत. काकांना इंग्रजी यायचं नाही. ते गाडी हळू करायचे. “काय लिहून आहे बेटा?” मी वाचायची. बँक, मॉल, कोचिंग क्लास, कुठल्या तरी कॉलनीचं भूमिपूजन. ते मराठीत विचारायचे, मी हिंदीत अर्थ सांगायची. घराबाहेर मी बोलायची ती एवढीच. “फाडफाड वाचते पोट्टी,” ते म्हणायचे, आणि मला दिवसभर पुरायचं ते.

बघा, मी आधी त्यांचा चांगुलपणा सांगत बसले. मुद्द्यावर यायचं टाळते आहे. येते.

बाबांचं रायपुरातच, भनपुरीत टायरचं दुकान आहे. समोरून दिवसभर ट्रक जातात, कारखान्यांची काळी धूळ काउंटरवर बसते, पुसली की परत बसते. कॉलेजात असताना मी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसायची. गिऱ्हाइकांशी बोलायला नको म्हणून कंपन्यांची माहितीपुस्तकं वाचत बसायची. ती इंग्रजीत असत, बाबा ती उघडत नसत. त्यामुळे टायरबद्दल मला जे माहीत होतं ते दुकानात कुणालाच नव्हतं. हे लक्षात ठेवा. ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय मला नाही.

दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याच्या खाली, पाच परदेशी टायर पडून होते. राज्य नवं नवं झालं तेव्हा कुणा ठेकेदाराने हौसेने मागवले आणि नेलेच नाहीत. त्यांच्या बाजूवर एम आणि एस ही अक्षरं होती. म्हणजे चिखल आणि बर्फ — साध्या सडकेवरही चालणारा आणि बर्फातही चालणारा टायर. रायपुरात बर्फ कुठला? बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर. बाबांनी खूप आधीच सांगून ठेवलं होतं, “ते विकायचे नाहीत. बैलगाडीवाल्याले देऊन टाकू.” कारण टायर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. रबर वाळतं, उन्हात तर लवकर वाळतं. आणि प्रत्येक टायरच्या एका बाजूवर चार आकडे असतात — पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो कधी जन्मला ते. एकाच बाजूवर असतात, दुसरी बाजू कोरी. माळ्यावरचे टायर आमच्या राज्याच्या वयाचे होते. सात उन्हाळे त्यांनी पत्र्याखाली काढलेले.

दिवाळीनंतरचा एक रविवार होता. चुलत बहिणीच्या लग्नाचे कपडे घ्यायला आई-बाबा पंडरीच्या कापडबाजारात गेले होते. दुकानात मी आणि टायर बसवणारे सुकालू भैया. पहिल्यांदाच दुकान माझ्यावर होतं. आणि रामटेके काका आले. व्हॅन सोडून त्यांनी जुनी पिकअप घेतली होती, आणि रायपूरच्या एका ठेकेदाराबरोबर त्यांना हिमाचलात काम मिळालं होतं — मोबाइलचे टॉवर उभे करायचं सामान वर पोचवायचं. पूर्ण हिवाळा. तीन दिवसांनी निघायचं होतं. किती खुश होते ते!

“अरे वा, आज मालकीणबाई बसून आहेत!” ते म्हणाले. “सांग बेटा, कोणता घेऊ? इथून तिथवर सडक आहे, अन् वरते बर्फ. दोन्हीकडं चालला पाहिजे.”

कुणी मला असं कधी विचारलं होतं? मी सुरूच झाले. सडकेचा टायर बर्फात का सरकतो, निव्वळ बर्फाचा टायर आपल्याकडच्या गरम डांबरावर का झिजतो, मधला टायर कसा असतो, खाचा कशा असतात. काका तोंड उघडं टाकून ऐकत होते. सुकालू भैया हातातली टायर उचकटायची टामी तशीच धरून उभे. खरं म्हणजे तसा नवा टायर नागपूरहून मागवावा लागला असता, आठवडा गेला असता. पण मला माळ्यावरची ती दोन अक्षरं आठवली. मी हुकूम सोडला, सुकालू भैयांनी टायर खाली काढले, फडक्याने पुसले. मी बोटाने अक्षरं दाखवून वाचली. “काका, एकदम परफेक्ट है आपके लिए.”

तेव्हा बाबांचं सांगणं मला खरंच आठवलं नव्हतं. इथपर्यंत ती चूक होती. चूक मी सांगायला बसलेली नाही.

दुसरा टायर पाहायला वाकले, आणि ते चार आकडे समोर आले. सगळं आठवलं. बाबांचं वाक्य, पुस्तकातलं पान, सगळं. फक्त एवढंच म्हणायचं होतं — काका थांबा, चुकले, हे जुने आहेत. किती वेळ लागला असता? पण आत्ताच मी एवढं बोलले होते, आयुष्यात पहिल्यांदा एवढं! आणि लगेच तोंड पाडून ‘चुकले’ म्हणायचं? सुकालू भैया हसले असते. कदाचित नसतेही हसले. काका तर नक्कीच नसते हसले. मग मी कुणाला घाबरत होते? सांगा ना, कुणाला?

तेवढ्यात काकांनी अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. “थोडा कडक वाटून राहिला, बेटा.”

मी म्हणाले, “काका, बर्फवाले टायर कड़े ही होते हैं.”

बरोबर उलट आहे. बर्फाचा टायर मऊ असावा लागतो, थंडीत तो मऊ राहावा यासाठीच सगळी खटपट असते. हे मी वाचलेलं होतं. अंगठ्याला जे खरं कळलं होतं ते मी माझ्या शाळेच्या जोरावर खोटं पाडलं. आणि त्यांनी लगेच मान हलवली — “असन बावा. तुले जास्त समजते.”

मग काका चहा सांगायला टपरीवर गेले, आणि मी सुकालू भैयांना म्हणाले, “भैया, ये नंबरवाली साइड अंदर रखना. सब में.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “हव, दीदी.” पाचही टायर तसे बसले, स्टेपनीसकट. लाजेच्या भरात तोंडून निघून गेलं, असं कुणी म्हणू नये माझ्याबद्दल. ही बाजू आत ठेवायला सांगताना माझा आवाज अगदी शांत होता.

संध्याकाळी बाबांनी माळ्याकडे पाहिलं. “टायर कुठं गेले?” मी सांगितलं, रामटेके काका घेऊन गेले. बाबांचा चेहरा बदलला. “अन् तू देल्ले? तुले सांगतलं होतं ना!” मी म्हणाले, मैंने बोला था उनको, पुराने हैं करके. वो बोले, चलेगा. बाबा गोंधळले. रामटेके असा माणूस नाही, असं पुटपुटले. मग स्कूटरची चावी हातात घेतली — “त्याच्या घरी जाऊन येतो. असे टायर घेऊन पहाडात जाते का कोणी?”

आणि मी म्हणाले, “वो तो दोपहर में ही निकल गए.”

बाबांनी चावी परत ठेवली; काकांकडे तेव्हा मोबाइल नव्हता. काका त्यांच्या घरी होते. भनपुरीतच, दहा मिनिटांवर. सोमवारी होते. मंगळवारी होते. बुधवारी सकाळी निघाले. मधल्या दोन दिवसांत मी कॉलेजला गेले, डबा खाल्ला, लग्नासाठी ब्लाउजचं माप दिलं. दोन दिवस होते माझ्याकडे, समजतंय का तुम्हाला?

बर्फ पडायला लागल्यावर एका वळणावर पिकअप सरकली. वेगात नव्हती. बरोबरच्या मजुराने नंतर सांगितलं, चालत्या माणसाच्या वेगाने सरकत गेली, काका ब्रेक दाबत होते आणि ती सरकतच होती, आणि जाऊन खडकावर बसली. मजुराला खरचटलं. काकांच्या बाजूचं दार आत आलं आणि उजवा पाय घोट्यापासून चेंगरला. तो पाय आता ब्रेकवर ठेवता येत नाही. ठेकेदाराने ड्रायव्हरची चूक म्हणून हात वर केले. पिकअप तिथंच मातीमोल विकली.

नवे टायर असते तरी सरकली असती का? हा प्रश्न मी स्वतःला खूप विचारला आहे. आता विचारत नाही. ज्याला सुटका हवी असते तोच हा प्रश्न विचारतो.

दोन महिन्यांनी काका काठी टेकत दुकानात आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, आणि त्यांना राहवलं नाही — “काहून ऐकलं नाही रे भाऊ? पोरीनं तुले सांगतलं होतं ना, जुने आहेत म्हणून?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरमागे होते, हातात माहितीपुस्तक. त्यांच्या नजरेत राग नव्हता — तो असता तर मी कदाचित बोललेही असते. ते आठवून पाहत होते. खरंच, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून आठवत होते. मग म्हणाले, “सांगतलं असन तिनं. माह्याच ध्यानात नाही राहिलं.”

पानाकडे बघत मी उभी राहिले. आणि कशाचा राग आला मला माहीत आहे? त्यांचा. भांडले का नाहीत? स्वतःच्या कानांवर विश्वास का ठेवला नाही? माझ्यासारख्या एका पोरीच्या शब्दापुढे तीस वर्षांचा अनुभव, स्वतःचा अंगठा, स्वतःची आठवण — सगळं टाकून दिलं! इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावून काढली. ते सोपं होतं.

या बुद्ध पौर्णिमेला त्यांच्याकडे बोलावणं होतं. आई-बाबांबरोबर मीही गेले. नागपूरचे पाहुणे आले होते, अंगणात कूलर लावला होता, काका खुर्चीत, पाय स्टुलावर. कुणीतरी पायाचं विचारलं. काकांनी सांगायला सुरुवात केली — आता ते ही गोष्ट छान रंगवून सांगतात, हिमाचलचा घाट, मजुराची बोंबाबोंब, सगळं. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “या पोरीनं हात धरला होता माहा. म्हणे, काका, हे टायर म्हातारे झाले, नका नेऊ, जीव जाईन. अन् मी गधा, ऐकलंच नाही.”

“हे कोणाचं ऐकतेत का कधी!” काकू म्हणाल्या, आणि सगळे हसले. नागपूरची एक बाई माझ्याकडे कौतुकाने पाहून म्हणाली, “किती गुणाची पोरगी हो.”

काका खोटं बोलत नव्हते. त्यांना ते वाक्य ऐकू येतं आता. मी हात धरलेला आठवतो. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःला गाढव म्हणत म्हणत ते वाक्य माझ्या तोंडात घातलं आहे — आणि तेही मराठीत. मी त्यांच्याशी जन्मात कधी मराठीत बोललेली नाही.

अंगणात पंधरा माणसं होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. काकूंनी वाटीत आणखी खीर वाढली. ती मी खाल्ली.