साखळी निघेपर्यंत

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका गोदामात मी पॅकिंगला लागले, तेव्हाची गोष्ट. चोरीच्या भीतीने मॅनेजरने फायर एक्झिटला साखळी घातली होती. एका वयस्कर मराठी बाईंनी हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, नोकरी जाईल हो," मी घाबरून म्हणाले.

"अगं, अमेरिकेत अशाच कुलूपबंद कारखान्यात पोरी जळून मेल्या. मग लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कायदे झाले. आपण आधीच उभं राहू."

एकेक करत आम्ही सगळे काम सोडून त्यांच्यामागे जाऊन उभे राहिलो. शेवटी मॅनेजरने साखळी काढली.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला रोजच्या कामावर पाठवणाऱ्या एजन्सीने त्यांना बोलावलं नाही. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. पण इतकं मोठं माणूस मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं.